सोडजा म्हणणारा अश्वजित

मी समुद्रपूरच्या एका शाळेत मराठी शिकवतो. शिकवतो म्हणजे गेली चोवीस वर्षं ‘मले’चं ‘मला’ करतो, ‘काऊन’चं ‘का’ करतो आणि ‘नाई’त ‘ही’ घालतो. पोरं माझ्या तासाला ‘मला’ म्हणतात आणि घंटा झाली की व्हरांड्यातच परत ‘मले’ म्हणतात. या कामाचा मला दरमहा पगार मिळतो. माझी बायको सुनंदा म्हणते, “तुमी दिवसभर पोराईची भाषा धुता, अन् थे घरी जाऊन पुन्हा मळवते. कपडे धुतले असते तं वाळले तरी असते.”

या चोवीस वर्षांत व्याकरणावरून माझ्याशी भांडायला आलेला विद्यार्थी एकच. अश्वजित.

तो नववीत होता. सहामाहीत पत्रलेखनाचा प्रश्न होता, सुट्टीत मित्राला आपल्या गावी बोलवा. पठ्ठ्यानं सगळं पत्र कसं इस्त्री केल्यासारखं लिहिलं होतं. ‘सप्रेम नमस्कार’, ‘इकडील सर्व क्षेमकुशल’, काही बाकी ठेवलं नव्हतं. आणि शेवटी लिहिलं होतं, ‘तरी तू नक्की येजो.’ मी त्या ‘येजो’भोवती लाल गोल काढला आणि एक गुण कापला. पेपर हातात पडल्यावर बाकीची पोरं बेरीज तपासत होती. हा तो गोल घेऊन माझ्या टेबलाशी आला.

“सर, हे चूक काऊन?”

“‘ये’ असं लिही. ‘येजो’ शब्द पुस्तकात नाही.”

“पन ‘ये’ म्हटलं तं त्याले आत्ताच उठून या लागते ना, सर. ‘येजो’ म्हंजे त्याच्या सवडीनं. मी त्याले सुट्ट्या लागल्यावर बलावून राह्यलो.”

मुद्दा बिनतोड होता. अशा वेळी शिक्षकाकडे एकच हत्यार असतं, ते मी काढलं. “प्रमाण भाषेत तशी सवड नसते,” मी म्हणालो आणि वाद घातल्याबद्दल आणखी अर्धा गुण कापला. वर्ग हसला. अश्वजित हसला नाही, रडलाही नाही. जागेवर जाऊन बसला आणि तास संपेपर्यंत त्या लाल गोलाकडे पाहत राहिला.

हे पाहत राहणं हा त्याचा खास गुण. कोणतीही गोष्ट करण्याआधी तो तिच्याकडे इतका वेळ बघायचा की समोरच्याला वाटावं, पोरगं बसल्या बसल्या झोपलं. शाळेमागच्या विहिरीत एकदा बादली पडली. शिपाई गळ टाकून टाकून दमला. अश्वजित म्हणाला, मी काढतो. आणि काठावर उकिडवा बसून अर्धा तास नुसता आत बघत राहिला. मग उतरला आणि एका बुडीत बादली वर घेऊन आला. मुख्याध्यापकांनी त्याला न विचारता उतरल्याबद्दल झापलं आणि मला त्याला उतरू दिल्याबद्दल. नंतर मी त्याला विचारलं, “एवढा वेळ काय बघत होतास रे?”

“विहिरीले पाहू द्या लागते, सर. आपन तिले पाह्यतो, तवा ते बी आपल्याले पाह्यते. ओळख झाल्यावर मंग काई करत नाई.”

बारावीनंतर तो पुण्याला गेला, एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला लागला. पुढची हकिगत त्यानंच मला फोनवर सांगितली. कंपनीच्या लोकांची सहल कोलाडला गेली होती, कुंडलिका नदीवर, रबरी होड्यांतून उसळत्या पाण्यात जायला. जेवणाची भांडी सांभाळायला म्हणून यालाही नेलं होतं. सहल नदीत गेली तेव्हा हा काठावर बसून पाण्याकडे पाहत राहिला. संध्याकाळी भांडी पुण्याला परत गेली. अश्वजित नदीवरच राहिला. आधी होड्या धुणारा, मग पंप मारणारा, मग होडीच्या मागच्या टोकाला बसून ती हाकणारा गाइड.

तेव्हापासून दर दिवाळीला त्याचा फोन यायचा. “जय भीम, सर. मी अश्वजित. ‘येजो’वाला. एकदा येजा ना इकडे. काकूले घेऊन येजा.” मी दर वेळी “येऊ, येऊ” म्हणायचो. प्रमाण भाषेत सवड नसेल, टाळाटाळ मात्र भरपूर असते.

टाळायला कारण होतं. ‘काकूले घेऊन’ हेच ते कारण.

सुनंदाचं माहेर समुद्रपूरहून चार किलोमीटरवर, नाल्याच्या पलीकडच्या काठालाच आहे. नाल्यावर रपटा आहे, म्हणजे असा बुटका पूल की पाणी वाढलं की ते त्याच्या वरूनच वाहतं. चार वर्षांपूर्वी ऑगस्टातल्या एका दुपारी आम्ही दोघं स्कूटरवरून तिच्या आईकडे निघालो होतो. रपट्यावरून पाणी जात होतं. पलीकडे एक माणूस उभा राहून दोन्ही हात हलवत होता. तो ‘येऊ नका’ म्हणत होता. मला वाटलं, ‘या, या’ म्हणतोय. तोवर वीस वर्षं भाषा शिकवलेल्या माणसाला हातांची भाषा कळली नाही. मी सुनंदाला म्हणालो, “धरून बस,” आणि स्कूटर घातली.

मधोमध चाक सरकलं. त्या हात हलवणाऱ्या माणसानं आणि आणखी एकानं बैलाचा कासरा टाकून आम्हाला ओढून काढलं म्हणून हे लिहायला मी आहे. स्कूटर तीन दिवसांनी सापडली. माझ्या कपाळाला चार टाके पडले. सुनंदाला खरचटलंसुद्धा नव्हतं. फक्त तिच्या मुठीत माझा शर्ट होता आणि ती मूठ तासभर कोणालाच उघडता आली नाही. शेवटी शर्ट कापला.

त्यानंतर तिनं तो रपटा ओलांडला नाही. पूर ओसरला, हिवाळा आला, पाणी पोटरीवर आलं, घोट्यावर आलं, तरी नाही. माहेरी जायचं तर दोन बस बदलून एकवीस किलोमीटरचा फेरा. आठवड्यातून दोनदा जाणारी ती महिन्यातून एकदा जाऊ लागली, पावसाळ्यात तेवढंही नाही. आई ऐंशीच्या घरातली. डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, आणि स्वतःचं घर सोडून लेकीकडे राहायला येणाऱ्यांपैकी ती नव्हे. फोनवर विचारायची, “सुनंदा, नाल्याले पूर हाय का व?” फेब्रुवारी महिना असायचा. सुनंदा म्हणायची, “हो माय, हाय.” नाला म्हातारीच्या अंगणातून ऐकू येतो. तिला ठाऊक होतं. पण ती म्हणायची, “मंग नको येऊ.”

मला हे ऐकवत नसे. मी माझ्या परीनं उपाय केले, म्हणजे ‘घाबरू नको’ हे वाक्य शक्य तितक्या वेळा म्हटलं. एकदा ती शांतपणे म्हणाली, “अजी, तुमी ‘धरून बस’ म्हटलं होतं. मी धरलं. अजून का करू?” त्यावर मी शुद्ध मराठीत चहा मागितला.

मागच्या दिवाळीत अश्वजितचा फोन आमच्या मुलीनं, मयुरीनं उचलला. ती पुण्याला नोकरी करते आणि तिला टाळाटाळीचं व्याकरण येत नाही. पाच मिनिटांत तिनं दिवस ठरवला. सुनंदानं एक अट घातली, “मी काठावर गाडीत बसन. तुमचे कपडे सांभाळन. मले कोनी पान्याजवळ ये म्हनायचं नाई.” मयुरीनं हे अश्वजितला कळवलं. तो म्हणाला, “नाई म्हनत.”

ताम्हिणी घाट उतरून आम्ही सकाळी कोलाडला पोचलो, तर नदीकाठी कोणीतरी ओरडत होतं, “ए वर्धा, पंप आण! ए वर्धा, हेल्मेट मोज!” मी दचकून इकडेतिकडे पाहिलं. रायगड जिल्ह्यात उभं राहून आमच्या अख्ख्या जिल्ह्याला कोण कामाला लावतंय? तेवढ्यात खांद्यावर चार वल्ही घेतलेला एक काळासावळा, केस उन्हानं तांबूस झालेला गडी वाकून पाया पडला. तो अश्वजित. वर्ध्याकडचा म्हणून तिथं त्याला सगळे ‘वर्धा’च म्हणत.

तो होडीला ‘गाडी’ म्हणायचा. “आपल्या गाडीले ब्रेक नाई अन् हॉर्न नाई, म्हून मी सांगतो थे ऐकाचं.” लाइफ जॅकेटचे पट्टे तो प्रत्येकाचे स्वतः आवळायचा, एकदा आवळून झाल्यावर पुन्हा, आणि पाण्यात उतरताना तिसऱ्यांदा. माझा मधला पट्टा काही केल्या लागेना.

“सर, जरा श्वास सोडा.”

“तो मी मघाशीच सोडलाय.”

“मंग फराळ कमी कराचा होता,” तो म्हणाला आणि गुडघा टेकवून त्यानं मला गोणी शिवावी तसं आवळलं.

आमच्या होडीत आम्ही दोघं बापलेक आणि पुण्याचे चार तरुण होते. अश्वजितनं सूचना मराठीत दिल्या, मग हिंदीत, मग इंग्रजीत. पडलात तर उताणे व्हा, पाय पुढं ठेवा, दुसऱ्याला मिठी मारू नका. चौघांपैकी एक मुलगी पांढरीफटक पडली होती. तिचा मित्र तिला म्हणत होता, “घाबरू नकोस गं, काही नसतं.” अश्वजितनं त्याला हातानं थांबवलं.

“असं नका म्हनू जी. ताई, तुमी डरजा. बिनधास्त डरजा. पान्याले डरलंच पायजे. फक्त डरता डरता हात चालू ठेवजा.”

ती पोरगी हसली आणि पुढं दोन तास सगळ्यांत चांगलं वल्हं तिनंच मारलं. मी ते वाक्य मनात लिहून घेतलं. गेली चार वर्षं मी घरात नेमकं उलटं बोलत होतो.

धरणातून सकाळी पाणी सोडतात, त्या पाण्यावर हा सगळा खेळ चालतो. पाणी आलं की निघायचं आणि ओसरायच्या आत पोचायचं. पहिल्या दोन उसळ्या मी होडीत बसून पार केल्या. तिसरी मी होडीबाहेरून पार केली. कसा पडलो ते मला माहीत नाही. मयुरी म्हणते, मी वल्ह्यासकट अत्यंत सावकाश, जणू निरोप घेत, मागे कलंडलो. पाण्यात गेल्यावर उताणं व्हायचं, पाय पुढं ठेवायचे, यातलं काहीही मला आठवलं नाही. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, “अश्वजित! वाचव मले! मले वाचव, बापा!”

त्याच्या हातानं माझ्या जॅकेटचे खांदे धरले. त्यानं मला आधी एकदा खाली दाबलं आणि मग त्याच उसळीवर सरळ होडीत ओढलं. मी तळाशी मासळीसारखा पडलो होतो. तो मागं जाऊन पुन्हा वल्हं धरत, नदीवरची नजर न काढता म्हणाला, “सर, ‘मला’.”

पुण्याच्या पोरांना यात काय हसण्यासारखं आहे ते कळेना. मयुरी मात्र पुढचा अर्धा किलोमीटर वल्हं मारू शकली नाही.

शेवटच्या टप्प्यात नदी पसरट आणि संथ होते. तिथं काठावर, होड्या न्यायला आलेल्या ट्रकबरोबर आधीच पोचलेली सुनंदा आमचे कपडे मांडीवर घेऊन बसली होती. पुण्याची पोरं उतरून ट्रककडे गेली. अश्वजित निथळत सुनंदाकडे गेला. मला वाटलं, आता हा म्हणणार, या काकू, काही होत नाही. तो म्हणाला, “काकू, माह्या गाडीत लय चिखल झाला. जरा हात लावता का? एकट्यानं पाठीमांगचं पोचत नाई.”

सुनंदाला अर्धवट काम बघवत नाही, हे त्याला कसं कळलं कोण जाणे. बहुधा सकाळी आम्ही निघताना ती कपड्यांच्या त्याच घड्या पुन्हा पुन्हा घालत होती, हे त्यानं पाहिलं असावं. तिनं सलवार दुमडली, तांब्या घेतला आणि होडीची बाजू घासायला लागली. तो होडी घासत घासत हळूच मागं सरकवत होता. दहा मिनिटांनी तिनं खाली पाहिलं. पाणी पोटरीपर्यंत होतं.

ती ताठ उभी राहिली. “अश्वजित, तू मले फसवून राह्यला.”

“हो, काकू. सांगू का नको सांगू, थोच इचार करत होतो.”

“बरं नाई केलं.”

“नाई केलं. झालं आता फसवनं. मी उभा हाय, तुमी काठावर जाजा.”

ती गेली नाही. तशीच उभी राहिली, वाहत्या पाण्याकडे पाहत. तोही पाहत राहिला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मयुरीनं माझा हात जोरात दाबला. बऱ्याच वेळानं सुनंदा म्हणाली, “थो कोट दे इकडे.”

त्यानं तिला लाइफ जॅकेट घातलं, पट्टे आवळले, पुन्हा आवळले. कमरेइतक्या पाण्यात नेलं, तिसऱ्यांदा आवळले. होडीच्या कडेनं दोर असतो, तो तिनं दोन्ही हातांनी धरला. “आता मांगं डोक्सं टाका. पाय वर. आभाळाकडे पाहा.” तिनं डोकं टाकलं, पाय वर आले, अंग तरंगलं. पण दोर काही सुटेना. तिच्या बोटांची पेरं पांढरी झालेली मला काठावरून दिसत होती. ती मूठ मला ओळखीची होती.

वरून ट्रकचा हॉर्न वाजला. अश्वजितचा वरिष्ठ धावत काठावर आला. पाणी ओसरायला लागलं होतं, उशीर झाला तर होडी दगडांत अडकणार होती. “मॅडम, सोडा! काही होत नाही, सोडा!”

“सुनंदा, सोड! घाबरू नको!” मीही ओरडलो.

“आई, सोड ना गं!” मयुरी.

प्रत्येक ‘सोड’ला तिची मूठ आणखी आवळत होती. अश्वजितनं आमच्याकडे न बघता एक हात वर केला. आम्ही तिघं शाळेतल्या पोरांसारखे गप्प झालो. मग तो तिच्या शेजारी स्वतः उताणा झाला, पाण्यावर पसरला आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाला, “काकू, सोडजा.”

बस. एवढंच. आणि तोंड फिरवून पलीकडच्या काठावरच्या म्हशींकडे पाहत राहिला, जणू त्याला दुसरं कामच नव्हतं.

‘सोडजा’. आत्ता नाही, तुमच्या सवडीनं. पण सोडाल, याची मला खातरी आहे. एवढं सगळं त्या एका ‘जा’मध्ये असतं, आणि मी त्याभोवती लाल गोल काढला होता.

हॉर्न पुन्हा वाजला. वरिष्ठानं कपाळावर हात मारला. किती वेळ गेला मी मोजला नाही. आधी करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट. मग एक हात. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग दोर पाण्यावर मोकळा हलताना दिसला. सुनंदा तरंगत होती. अश्वजित तिच्या बरोबरीनं तरंगत होता, पण त्यानं तिला धरलं नव्हतं. संथ पाण्यानं दोघांना दहा-बारा हात खाली नेलं. ती आभाळाकडे बघत होती. मला वाटलं, आता ही रडेल, हसेल, काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, “अजी, कानात पानी गेलं.”

तोवर नदी खरंच उतरली होती. होडी दगडांवर बसली. अश्वजितनं ती एका माणसाच्या मदतीनं डोक्यावर घेऊन लांबच्या वाटेनं ट्रकपर्यंत नेली. वरिष्ठानं त्याला सगळ्यांसमोर खडसावलं आणि त्या दिवशीच्या सगळ्या होड्या एकट्यानं धुवायला लावल्या. मी बाह्या सरसावून मदतीला गेलो, तर म्हणाला, “राहू द्या, सर. तुमी शुद्धलेखन पाहा.”

मी दगडावर बसून त्याला म्हणालो, “अश्वजित, त्या पत्राचा दीड गुण मी चुकीचा कापला होता.”

“दीड नाई, सर. पावनेदोन. एक पाव ऱ्हस्व-दीर्घाचा होता.” होडीवर पाणी मारत तो म्हणाला, “थो बराबर कापला होता.”

घरी आलो तेव्हा मला वाटलं, झालं, सुटलो. शिक्षकांना धडा संपला की विद्यार्थी शिकला असं वाटतं. दुसऱ्याच दिवशी मी सुनंदाला स्कूटरवर घेऊन रपट्याशी गेलो. ती उतरली, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “चला वापस.” मी दिवसभर तोंड पाडून बसलो आणि अश्वजितला फोन केला.

“सर, तुमी तारीख टाकून राह्यले,” तो म्हणाला. “तारीख नका टाकू.”

जानेवारीत तो पंधरा दिवस गावी आला. त्याचं खेडं आमच्या त्याच नाल्याच्या वरच्या अंगाला आहे. आम्ही भेटायला गेलो तर त्याची माय चुलीशी बसून मोठ्यानं गाऱ्हाणं सांगत होती. “काय सांगू मास्तर, पोरगं पान्याची नोकरी करते, अन् आमच्या नळाले चार दिवसाआड पानी. याले म्हनते, येताना एक पाइप तरी घेऊन यायचा.” अश्वजित हसत भाकरी मोडत होता. त्यानं खरंच दोन पाइप आणले होते, पण ते मायच्या कामाचे नव्हते. एक अख्खा दिवस तो रपट्याशी जाऊन बसला, नुसता पाहत. येणारेजाणारे म्हणाले, “काऊन बे, मासे मोजून राह्यला का?” दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या माणसाला घेऊन त्यानं रपट्याच्या दोन्ही टोकांना ते लोखंडी पाइप रोवले. खालून वीतभर पांढरा रंग, वर सगळा लाल. पाणी लालला लागलं की कोणी पाय किंवा गाडी घालायची नाही. मी शिक्षक असल्यामुळे म्हणालो, “पाटी लावू या, सूचना लिहून.”

“सर, पाटी वाचत वाचतच लोक पान्यात जाते. रंग पुरे.”

त्या चार वर्षांपूर्वीच्या दुपारी तिथं एक लाल पाइप असता, तर माझ्यासारख्या वाचता येणाऱ्या माणसालाही तो कळला असता.

त्यानंतरच्या आठवड्यात त्याला निघायचं होतं. अरुणाचलातल्या एका मोठ्या नदीवर काम मिळालं होतं, तिथं फोन लागत नाही म्हणाला. सुनंदा दोन दिवस आधीच आईकडे गेली होती, दोन बस बदलून, नेहमीच्या फेऱ्यानं. तिकडून येणारी पहिली बस साडेअकराला, आणि अश्वजितची हिंगणघाटची गाडी दहाला. म्हणजे तिची त्याची भेट होणार नाही, हे मी धरून चाललो होतो. समुद्रपूरच्या बसस्टँडवर मी त्याला पोचवायला गेलो. त्यानं आपलं स्वतःचं वल्हं जुन्या चादरीत गुंडाळून आणलं होतं आणि कंडक्टरशी त्याचा वाद चालला होता.

“हे सामान हाय. तिकीट लागन.”

“सामान नाई जी, हे माह्यं पेन हाय. यानंच लिहितो मी.”

“इतकं लांब पेन? कलेक्टर हाय का तू?”

“टपावर बसवाल तं बसतो, पन हे सोडून जात नाई.”

मी मध्यस्थी करायला पुढं झालो आणि दोघांनीही मला बाजूला केलं. तेवढ्यात फाटकातून सुनंदा आली. चालत, भराभर, हातात फडक्यात बांधलेली बरणी. मला वाटलं, कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून लांबून आली असेल. मी तेच विचारणार होतो. अश्वजित तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या पायांकडे बघत होता. मग मी पाहिलं. साडीचा काठ वीतभर ओला होता आणि चपलांच्या पट्ट्यांत नाल्याची बारीक वाळू होती.

“किती होतं, काकू?” त्यानं विचारलं.

“घोट्याच्या वर. पांढऱ्यातच होतं. कालव्याचं सोडलं हाय ना, गव्हासाठी.”

“संगं कोन होतं?”

“कोनी नाई. माय उभी होती काठावर.” ती थांबली. धाप लागली होती. “तिले दिसत नाई. पन उभी होती. मी पोचतवरी आवाज देत होती, ‘कुठी आली व, कुठी आली?’ अन् मी सांगत होती.”

अश्वजितनं मान हलवली, एकदाच. मग बरणी हातात घेऊन त्यानं फडकं नाकाशी नेलं. “जवसाची चटनी?”

“मायनं कुटून देल्ली. लवकर संपवजो, नाई तं तेल सुटते.”

कंडक्टरनं घंटी मारली. तिकिटाचा निकाल काय लागला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. अश्वजित आधी माझ्या, मग सुनंदाच्या पाया पडला. सुनंदानं खाली वाकणाऱ्या त्याचे खांदे धरले आणि जरा वेळ धरूनच ठेवले. मग तो चढला. बरणी मांडीवर घेऊन खिडकीशी बसला. गाडी वळून जाम गावच्या रस्त्याला लागली तेव्हा चादर सुटली होती, खिडकीबाहेर वल्ह्याचं निळं पातं उन्हात चमकत होतं, आणि आतून कंडक्टर त्याच्यावर ओरडत होता.